सात मिनिटांत शाश्वत विकास

मॅट्रिकला गणितात आपटले आणि शिक्षणाने माझा नाद सोडला. तरी आज मुंबईतल्या निदान पाच-सहा कॉलेजांच्या दप्तरी माझा आवाज जमा आहे. वाणिज्य, भूगोल, मानसशास्त्र, कुठल्याही विषयाचा व्हिडिओ उघडा. सुरुवातीला एक म्हातारी खाकरते आणि म्हणते, "हं, बोल." मग मुलगा किंवा मुलगी बोलायला लागते. ती म्हातारी मी. एका प्राध्यापकांनी म्हणे भर वर्गात विचारलं, "तुम्हा सगळ्यांची आजी एकच आहे का?"

मुलुंड पूर्वेला आमचा फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक, मधे पडदा, मागे फोटो काढायची खोली. पस्तीस-चाळीस वर्षं यजमानांनी कॅमेरा सांभाळला आणि मी गिऱ्हाइकं. म्हणजे त्यांच्या हनुवट्या वर करणं, खांदे सरळ करणं आणि "हलू नका" म्हणून दम भरणं. या कामात मी हिटलरची धाकटी बहीण होते. हसलेला माणूस म्हणजे वाया गेलेली फिल्म, असा माझा ठाम समज. त्या काळातले मुलुंडकरांचे लग्नाचे अल्बम काढून बघा, सगळं वऱ्हाड दहाव्याला जमल्यासारखं दिसतं. ते दुःख त्यांचं नाही. ते माझं कर्तृत्व आहे.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. यजमानांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, ते घरी बसले. पासपोर्ट साइजच्या फोटोंवर मी दुकान कसंबसं उघडं ठेवलं होतं. अशात एक दिवस समोरच्या इमारतीतली प्रणाली आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

"काकू, तुमच्या मागच्या खोलीत सात मिनिटं बसू?"

"का गं?"

"घरी व्हिडिओ करायला घेतला की शिट्टी येते."

मी काउंटरची फळी वर केली. "कोण मेला शिट्टी मारतोय? दाखव मला."

"कुकरची, काकू."

तर हा आमचा नवा धंदा. ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी प्रकल्प म्हणजे फाइल असायची. वर प्लास्टिकचं कव्हर, आत कुणाची तरी नक्कल. लॉकडाउनमध्ये कॉलेजं फोनवर आली आणि फाइलीऐवजी व्हिडिओ मागायला लागली. कॉलेजं पुन्हा उघडली, पण ही खोड राहिली. विद्यार्थ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून सात मिनिटं विषय मांडायचा. आधी स्वतःचं पूर्ण नाव आणि रोल नंबर. चेहरा शेवटपर्यंत दिसला पाहिजे, कागदावरून वाचायचं नाही, मधे तोडजोड करायची नाही. मग ती फाइल दिलेल्या मुदतीत कॉलेजच्या साइटवर चढवायची. त्याला 'सबमिट करणं' म्हणतात. बाकी सगळं सोपं आहे हो, पण सात मिनिटांची शांतता आणायची कुठून? वन रूम किचनमध्ये सात मिनिटं गप्प बसणारी माणसं मी तरी पाहिली नाहीत. शेजारचा टीव्ही, खालचा भंगारवाला, आणि नेमक्या चौथ्या मिनिटाला आत डोकावून "दूध आणलंस का गं?" विचारणारी आई. माझ्याकडे मात्र जाड पडदा, दोन दिवे आणि तीन बाजूंनी भिंती होत्या. फोन स्टँडला कसा लावायचा ते नातीने शिकवलं. झालं, मी धंद्याला लागले.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. प्रणाली उभी राहिली, मी दिवे लावले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "हनुवटी वर. हलू नकोस. श्वास रोख." पोरगी गुणी. मागणी आणि पुरवठा यांवर ती सात मिनिटं अशी बोलली, की ओठ सोडून काही म्हणजे काही हललं नाही. मधूनच श्वास संपला की पाण्याबाहेर आलेल्या मासळीसारखा आ करायची. कॉलेजचा शेरा आला, "आशय चांगला. विद्यार्थिनीची प्रकृती बरी नसल्यास मुदतवाढ मागावी."

दुसरी फजिती तक्त्याची. एका मुलाने भला मोठा तक्ता हातात धरून लोकसंख्या समजावून सांगितली. त्याच्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा, अक्षरं उलटी साठवायचा. मी व्हिडिओ दोनदा तपासला आणि म्हटलं, झकास आहे, पाठव. कारण मला तो सरळच दिसला. जन्म गेला निगेटिव्ह बघण्यात, उलटं अक्षर मला खटकतच नाही. तक्ता उलटा होता हे कॉलेजला कळलं, त्याच्या बापाला कळलं, फक्त मला कळलं नाही.

सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. एक मुलगी यायची, 'प'वर अडखळायची. पर्यावरण म्हणताना तिची मान ताठ व्हायची. मला वाटलं, आपण हिचं भलं करू. ती अडखळली की मी म्हणायची, "थांब, परत." अकरा वेळा. बाराव्या वेळी ती एकदाही अडखळली नाही. मी खूश, जुन्या काळी निगेटिव्हवर चेहऱ्याचे डाग पेन्सिलीने पुसायचे तशीच खूश. ती फाइल घेऊन गेली ती परत आली नाही. नंतर एकदा भाजी मार्केटात दिसली, तर मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली. कॉलेजने तिला बोल म्हटलं होतं. अडखळू नको असं मीच म्हटलं होतं. तेव्हापासून दुकानात नियम केला, कुणाचेही तीनच टेक. तिसरा जसा येईल तसा घेऊन जायचा.

हा नियम मोडला तो मंगल राणेने.

एका शनिवारी दुपारी तीनला ती आली. पन्नाशीची, अंगाने बारीक, चालणं भरभर. भांडुपच्या डोंगरावर घर, अंधेरीत एका ऑफिसात शिपाई. चहा देणं, फायली फिरवणं, हे वीसेक वर्षं केलेलं. घरबसल्या शिकायच्या अभ्यासक्रमातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली होती. बरोबर नवराही होता, छापखान्यातून निवृत्त झालेला, मोठा शांत गृहस्थ. तो कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसला, जशी काय पिशवीचीच परीक्षा आहे.

"काकू, माझा व्हिडिओ परत आलाय," मंगल म्हणाली आणि फोन पुढे केला.

शेरा होता: "एक, विद्यार्थिनीने स्वतःचे पूर्ण नाव सांगितलेले नाही. दोन, नेमून दिलेला विषय 'शाश्वत विकास' असा असून सादरीकरण 'शाश्वत भरभराट' या विषयावर केलेले आहे. दुरुस्त करून शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुन्हा सादर करावे. यानंतर संधी नाही."

"आज शनिवार," मी म्हटलं.

"म्हणून तर हाफ डे टाकलाय. आमच्याकडे क्लार्कची जागा रिकामी होतेय. साहेब म्हणाले, या वर्षी डिग्री आणलीस तर तुझं नाव देतो. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. एवढा एक व्हिडिओ राहिलाय, काकू."

"मग सरळ विकास म्हणायचं सोडून भरभराट कशाला म्हणालीस?"

ती जमिनीकडे बघायला लागली.

"बरं, पूर्ण नाव सांग."

"मंगल राणे."

"आणि मधलं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तेच, जे विषयात आहे."

मला जरा वेळ लागला. मग मी पडद्याच्या फटीतून बाकाकडे पाहिलं. "म्हणजे हे...?"

"हेच," मंगल म्हणाली आणि ओढणी तोंडाला लावली.

हसू नये माणसाने दुसऱ्याच्या अडचणीला. मी खुर्चीचा आधार घेऊन हसले. तिच्या सासरी, मालवणकडे, बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सासू जाऊन दहा वर्षं झाली, मुलं मोठी झाली, नवऱ्याची काही हरकत नाही. पण जीभच वळत नव्हती. पुस्तकातला धडा तिला पाठ होता. फक्त विकास आला की ती बाजूने वाट काढायची, पुढारी खड्ड्याच्या बाजूने गाडी काढतो तशी. कुठे भरभराट, कुठे प्रगती, आणि ग्रामीण विकासाला तर चक्क "गावाकडचं ते".

बाहेरून राणे म्हणाले, "घे गो नाव. मी खय मरतंय."

"तुम्ही गप बसा हो," ती आतून म्हणाली.

मग मी तिला माझंच गाऱ्हाणं ऐकवलं. आमच्या स्टुडिओचं नाव दिनकर फोटो स्टुडिओ, आणि दिनकर हे आमच्या यजमानांचं नाव. लग्न होऊन आले तेव्हा मी स्वतःला मोठी पतिव्रता समजत होते, प्रत्यक्षात मूर्ख होते. दुकानात फोन वाजायचा.

"हॅलो, फोटो स्टुडिओ," मी म्हणायची.

"कुठला?"

"हाच."

"हाच म्हणजे कुठला, बाई?"

"तुम्ही फोन केलात तोच."

वर्षभर लग्नांच्या ऑर्डरी का गळतायत ते यजमानांना कळेना. एक दिवस मागच्या खोलीत दिव्याची वायर पेटली. मी बाहेरून ओरडले, "अहो, अहो." काउंटरशी उभे असलेले तिघे गिऱ्हाईक पुरुष धावले. आमचे तेवढे आत निवांत, पेटत्या वायरीकडे पाठ करून पडद्याला इस्त्री करत. शेवटी म्हटलं, "दिनकर, आग लागली." त्यांना काही झालं नाही. उलट पडदा वाचला.

"मग तुम्हाला लाज नाही वाटली?" मंगलने विचारलं.

"वाटायला वेळच नव्हता. तुलाही नाही. साडेतीन वाजत आले."

पण ती उभी राहिली, नमस्कार केला, "माझं नाव मंगल" म्हणाली आणि पुढे नुसतं हसू. भीती बिती काही नव्हती, नुसतं हसू. नाव ओठाशी आलं की नव्या नवरीसारखी लाजायची. मला युक्ती सुचली.

"उखाण्यात घेशील?"

तिचा चेहरा उजळला. "उखाण्यात चालतं."

"मग उखाण्यानेच सुरू कर. एकदा जीभ सैल झाली की पुढचं सरळ येईल. हं, बोल."

तिने क्षणभर डोळे मिटले. मग कॅमेऱ्याकडे बघून खणखणीत म्हणाली,

"भांडुपच्या डोंगरावर झाली पहाट,
विकासरावांचं नाव घेते, रोल नंबर एकशे आठ."

"वा," बाकावरून आवाज आला आणि पाठोपाठ टाळ्या. पहिला टेक गेला.

दुसऱ्या टेकला उखाण्याची गरज पडली नाही. "नमस्कार, माझं नाव मंगल विकास राणे," ती एका दमात म्हणाली.

"काय गो?" बाहेरून राणे.

मी फोन थांबवला आणि पडदा सारून बाहेर गेले. "राणे, तुम्हाला बोलावलेलं नाही."

"नाव घेतल्यान ना तिना."

"घेतलं. अजून घेणार आहे. कितीही वेळा घेतलं तरी तुम्ही ओ द्यायची नाही."

"आजून कितीदा घेतली?"

मी तिच्या कागदावर विकास मोजले. "एकोणीस."

गृहस्थ लाल झाले. "तीस वर्सांत एकदा घेतल्यान, लग्नात. आनी आज एकोणीस?"

"हो. सवय करा."

त्यांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि मान हलवली.

तिसरा टेक. नाव आलं, रोल नंबर आला, आणि मंगल मुद्द्याला लागली. "शाश्वत विकासराव ही संकल्पना आज जगभर महत्त्वाची मानली जाते. विकासरावांमुळे निसर्गाची हानी होता कामा नये." उखाण्यातला 'राव' जिभेवर तसाच राहिला होता आणि तिला पत्ताच नव्हता. मी ओठ चावले. "ग्रामीण भागात विकासराव अजून पोचलेले नाहीत," ती गंभीरपणे म्हणाली आणि मी फुटले. माझ्या हसण्याने स्टँड हलला, फोन वाकला आणि चित्रात तिच्या चपला आल्या.

घड्याळात सव्वाचार. तीन टेक झाले होते आणि तिसरा मी घालवला होता. मंगल हसत नव्हती आता. तिने ओढणीने घाम पुसला.

"काकू, राहू दे. माझ्याच्यानं नाही व्हायचं. वीस वर्षं चहा दिला, अजून आठ वर्षं देईन."

मला ते बाजारातलं फुटपाथ बदलणं आठवलं. नियम ज्याच्यासाठी केला होता ते हे नव्हे, एवढं मला कळलं. तिला मी अडखळू नको म्हणणार नव्हते. मी तिच्या हातातला कागद काढून घेतला.

"हे पुस्तकातलं सोड. मला नाही कळलं काही. तुमच्या डोंगरावर विकास झाला का?"

"झाला ना. टाकी झाली."

"कसली?"

"पाण्याची. एवढी मोठी. उद्घाटनाला माणसं आली, फोटो काढले, नारळ फोडला. पाणी वर चढलंच नाही. पंपच लहान घेतला होता. आता तिच्या सावलीत पोरं कॅरम खेळतात."

"हेच बोल. मला सांगतेस तसंच. हं, बोल."

आणि ती बोलली. नाव सांगितलं, एकशे आठ सांगितलं, मग थेट टाकीवर गेली. सकाळी चारचा नळ, हंडे घेऊन दीडशे पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर गुडघे गेलेल्या बायका. "टाकी बांधली हा विकास," ती म्हणाली. "पाणी वरपर्यंत चढलं आणि माझ्या नातवंडांच्या वेळेलाही चढत राहिलं, तर तो शाश्वत विकास." मधे एकदोनदा अडखळली, एक शब्द चुकला, तो स्वतःच दुरुस्त केला. मी "थांब" म्हटलं नाही. विकास येत होता आणि जात होता, एकोणिसाचा हिशेब केव्हाच सुटला होता, आणि बाहेर बाकावर चूं नाही. मी मनात राण्यांना शाबासकी दिली.

ती जरा लवकर दिली. सहाव्या मिनिटाला पडदा हलला आणि मंगलच्या खांद्यामागून राण्यांचं डोकं आत आलं. एकही 'विकास' नसलेला क्षण बरोब्बर साधून त्यांनी हळूच विचारलं, "चाय व्हयी काय?"

माझा हात फोन थांबवायला पुढे झाला. पण मंगलने मान वळवली नाही. नुसता डावा हात मागे उचलला, थांबा असा. ऑफिसात मीटिंगमध्ये ती चहा घेऊन आत शिरली की साहेब असाच हात करत असणार. डोकं मागे गेलं. मंगल शेवटचं वाक्य बोलली आणि म्हणाली, "धन्यवाद."

चार चाळीस. आणखी एक टेक घ्यायला वेळ नव्हता आणि खरं सांगते, घ्यावासाही वाटला नाही. पण व्हिडिओ होणं आणि पोचणं यांत फरक असतो, हे या धंद्यात लवकर कळतं. मुदतीच्या शेवटच्या तासात सगळी मुंबई एकाच साइटवर चढत असते. आत माझ्या जाड भिंतींमुळे नेट मरतं. म्हणून आम्ही तिघं दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. मंगलने फोन दोन्ही हातांनी वर धरला, मी आकडे वाचत होते. चाळीस टक्के, एकेचाळीस. सदुसष्टवर तो जो थांबला, तो रिक्षावाले बघायला जमले तरी हलेना.

"किती वाजले?" मंगलने विचारलं.

"चार बावन्न."

राणे रस्त्यापलीकडे जाऊन परत आले, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, माझा हॉटस्पॉट घ्या." घेतला. आकडा हलला. चार सत्तावन्नला शंभर झाले आणि निळं बटण आलं.

"काकू, तुम्ही दाबा."

"मी नाही. बोट तुझंच पाहिजे."

तिने दाबलं. 'सादर झाले' अशी हिरवी पाटी आली आणि ती तशीच पायरीवर बसली.

पंधरा दिवसांनी दोघं परत आली. राण्यांनी नेहमीसारखा बाक धरला, पिशवी मांडीवर, समोर पेपर उघडला. मंगल आत आली आणि फोन माझ्यासमोर धरला. मी चष्मा चढवला.

"स्वीकृत. टाकीचे उदाहरण उत्तम. सुरुवातीला 'हं, बोल' असे म्हणणाऱ्या बाई आमच्या परिचयाच्या आहेत. मात्र शेवटी चहाविषयी विचारणा करणाऱ्या गृहस्थांचा प्रस्तुत विषयाशी संबंध स्पष्ट झाला नाही."

"आणि जागेचं?"

"साहेबांनी माझं नाव दिलंय. पुढच्या महिन्यापासून चहा दुसरं कोणी देणार." ती वळली. "थांबा, तुमच्यासाठी गावचं गुळातलं खाजं आणलंय. विकास, पिशवी दे."

बाकावर हालचाल नाही.

"विकास."

पेपरचं पान उलटलं.

तिसऱ्यांदा तिने जरा आवाज चढवला, तरी मान वर नाही. शेवटी मीच जाऊन पेपर खाली केला. "राणे, बायको हाक मारतेय तुम्हाला."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत, आणि घाईघाईने पिशवी घेऊन उठले.

"माका?" ते म्हणाले. "माका वाटला, अभ्यासातलो."